हाक मोजणाऱ्या बाई

तुम्ही आत्ता कुठे आहात?

सहज विचारत नाहीये, नीट उत्तर द्या. "घरी" म्हणालात? मग मेलात. हे माझं मत नाही, आमच्या बाईंचं आहे. बाईंच्या मते माणसं दोन कारणांनी मरतात, एक आजारानं आणि दुसरं "घरी" म्हटल्यानं. दुसऱ्यावर औषध आहे, पण ते कुणी घेत नाही.

बाई आमच्या सुपरवायझर. बिबवेवाडीत एका फरश्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. अडचणीतल्या माणसानं फोन करायचा, आम्ही तो घ्यायचा आणि अँब्युलन्स पाठवायची, एवढंच काम. पण सरकारनं ते एका कंपनीला दिलेलं, त्यामुळे एवढ्याशा कामाला गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड आणि कार्डावर 'इमर्जन्सी रिस्पॉन्स असोसिएट' असं भारदस्त इंग्रजी. मोठ्या हॉलमध्ये शहराचं डेस्क. काचेपलीकडे एक छोटी खोली, तिच्यात पाच फोन आणि दारावर 'ट्रायबल एरिया डेस्क' अशी पाटी. जुन्नर-आंबेगावपासून भोर-वेल्ह्यापर्यंत डोंगरांत ज्या आदिवासी वाड्या आहेत, त्यांचे फोन तिथे यायचे. बाई त्या खोलीला डोंगरखोली म्हणायच्या. पाटीबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तिकडे फोन लावून विचारा, त्यांच्यातलं कुणी ट्रायबल एरियात राहतं का ते."

त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडले होते. मग एसटीडी आलं, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे बूथ आले, लोक आपले आपण नंबर फिरवायला लागले आणि बाईंना मुदतीआधीच घरी बसवण्यात आलं. 'घरी' या शब्दावर त्यांचा राग बहुधा तेव्हापासूनचा असावा.

त्या हेडफोन एकाच कानाला लावत. दुसरा कान खोलीसाठी मोकळा. आमच्या हेडफोनांच्या काळ्या स्पंजवर त्यांनी क्रोशानं टोप्या विणून घातल्या होत्या, प्रत्येकीची वेगळ्या रंगाची. माझी लाल. "तुझ्या विचारांना शोभेल अशी," असं त्या म्हणाल्या होत्या. ऑफिसात एसी होता, खिडक्या कायमच्या बंद करून टाकलेल्या होत्या. पण डोंगरखोलीची एक खिडकी बाईंनी पट्टी घालून उघडी ठेवली होती. एसीवाला दर महिन्याला येऊन ती बंद करायचा आणि तो जिना उतरेपर्यंत बाई ती उघडायच्या. "खोलीला कान नको का?" एवढंच स्पष्टीकरण.

त्यांच्या तोंडून 'तू' आलं की समजायचं, सगळं ठीक आहे. 'तुम्ही' आलं की सावध व्हायचं. 'आपण' आलं की रजेचा अर्ज काढून ठेवायचा.

फोनवर कुणी पडल्या पडल्या किंवा बसून बोलत असेल तर त्यांना श्वासावरून कळत असे. "बसलाय. उभं राहायला सांग," त्या मागून म्हणायच्या. उभा माणूस नेमकं बोलतो, हा त्यांचा सिद्धान्त. आमचे मॅनेजर वानखेडेसर आपल्या केबिनमधून इंटरकॉमवर बोलायचे, त्यांनाही बाई सांगायच्या, "उभे राहून बोला." काचेतून आम्हाला दिसायचं, सर खरोखर उठून उभे राहायचे. ते नागपूरकडचे, वयानं तिशीच्या आतले, कॉम्प्युटरची मोठी डिग्री घेतलेले. बाई आपल्या हाताखाली आहेत असं त्यांच्या कार्डावर लिहिलेलं होतं. त्यावर त्या दोघांपैकी कुणाचाच विश्वास नव्हता.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाईंशी माझं जे काही बिनसलं आणि जुळलं ते त्यामुळेच. मी पत्रकांत वाढले. वडील चळवळीतले. आमच्या घरात गादीखाली पत्रकं, पिठाच्या डब्याखाली पत्रकं, दूध उतू गेलं तर पुसायला मागच्या महिन्याची पत्रकं. 'निवेदन' आणि 'निषेध' हे शब्द मी बालवाडीतच लिहायला शिकले. डोंगरखोलीत नोकरी धरली ती जगाला हादरवण्यासाठी. आणि पहिल्याच आठवड्यात हादरवलं ते एका शेळीला.

झालं असं. तेव्हा मोबाइल नुकतेच डोंगरात पोचले होते, पण रेंज पोचली नव्हती. प्रत्येक वाडीच्या वर एखादा दगड असायचा, त्यावर चढलं की दोन दांड्या मिळायच्या. त्याला सगळीकडे 'रेंजचा दगड' हेच नाव. एका सकाळी फोन आला, "बाई अडलीय, गाडी पाठवा." मी विचारलं, "तुम्ही कुठे आहात?" तो म्हणाला, "रेंजच्या दगडावर." मी वाडीचं नाव लिहिलं, पुढे 'रेंजचा दगड' लिहिलं आणि गाडी सोडली. आपल्या चपळाईवर मी इतकी खूश होते की बबनरावांचा फोन येईपर्यंत मनात एका लेखाचं शीर्षकही ठरवून टाकलं होतं.

बबनराव त्या गाडीचे ड्रायव्हर. ते म्हणाले, "ताई, दगड घावला. वर एक शेळी हाय. आणू का?"

अडलेली बाई अर्थातच खाली वाडीत होती. फोन करणारा फोन करायला वर आला होता आणि करून खाली निघून गेला होता. बबनरावांनी दगडावर उभं राहून हाक मारली, खालून ओ आली, ते धावत उतरले. पोचले तेव्हा मुलगी झालेली होती. आई आणि मुलगी दोघी ठणठणीत, आणि आजीबाई बबनरावांना विचारत होत्या की एवढी मोठी गाडी घेऊन दगडावर काय करत होतास.

बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"आपण," बाई म्हणाल्या, "शेळीचं नाव-वय लिहून घेतलंत का?"

मी चहाच्या मशीनमागे जाऊन रडले. थोड्या वेळानं बाई तिथे आल्या. "बसून काय रडतेस? उभं राहून रड, आवाज मोकळा होतो." मी उभी राहिले. मग त्या म्हणाल्या, "फोन करणारा कुठे आहे हा एक प्रश्न. ज्याला गरज आहे तो कुठे आहे हा दुसरा. एकावर थांबलीस म्हणून शेळी मिळाली. जा, तोंड धू."

त्या दिवसापासून भिंतीवर ते दोन प्रश्न लागले. त्यांच्या खाली बाईंनी बंदी घातलेल्या शब्दांची यादी होतीच: घरी, इथे, तिथे, समोरच, पलीकडे आणि सर्वांत वर जाड अक्षरांत 'जवळ'. "जवळ म्हणजे कुणाच्या पायानं?" असं त्या विचारत. यादीतला शब्द तोंडून गेला की शिक्षा ठरलेली: उभं राहून स्वारगेटपासून आपल्या घरापर्यंतचा रस्ता सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकत ऐकत त्याचा नकाशा काढायचा. वानखेडेसर धायरीला राहत. त्यांनी सांगितलेल्या रस्त्यानं आम्ही पाच जणींनी पाच नकाशे काढले. चारांत सर कॅनॉलमध्ये पोचले आणि एकात स्मशानात.

"बाप्पा!" सर म्हणाले. "मी रोज जातो ना तिथं!"

"जात असाल," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला न्यायला कुणी येऊ शकणार नाही."

डोंगरखोलीत आमच्यापेक्षा जास्त कळायचं ते सुगंधाला. ती आंबेगावकडच्या एका ठाकरवाडीतली, दहावी झालेली. शहराच्या डेस्कला पदवी आणि इंग्रजी लागायचं. डोंगरखोलीसाठी मात्र तिकडची बोली जाणणारं माणूस घ्यावं असा करारात एक नियम होता. त्या एका ओळीवर सुगंधाची नोकरी उभी होती, आणि त्या नोकरीवर तिच्या धाकट्या भावंडांची शाळा. तिला पत्ते विचारावे लागत नसत. "पडक्या शाळेपासून चढानं एक हाक" असं कुणी म्हटलं की ती मान डोलवायची आणि गाडीला बरोबर वाट सांगायची. हाक म्हणजे अंतर. एक हाक, दोन हाका, अर्धी हाक. आम्ही शहरातल्या मुली सुरुवातीला 'दोन हाका' ऐकून लिहायचो, 'दोनदा हाक मारावी.'

पण या सगळ्याला वेळ लागायचा. दोन मिनिटांत फोन संपला नाही की कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल पट्टी यायची, असं कंपनीनं ठरवलेलं. हॉलमध्ये क्वचित एखादी लाल पट्टी दिसे. आमच्या खोलीत कायम लाल. एक दिवस वानखेडेसर कागद घेऊन आले आणि न सांगताच उभे राहिले. नवं सॉफ्टवेअर येणार होतं. डोंगरखोली शहराच्या डेस्कमध्ये विलीन होणार होती. फोन करणाऱ्यानं आधी एक दाबायचं, मग दोन दाबायचं, मग आपलं ठिकाण यादीतून निवडायचं. मुंबईहून एक साहेब पाहणीला येतील, त्यांनी मान हलवली की काच पाडायची.

"आन् मी?" सुगंधानं विचारलं.

सरांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही लिहिलेलं असेल.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. चार पानं. 'डोंगराचा गळा घोटणाऱ्यांनो, सावधान!' अशी सुरुवात. त्यात जागतिकीकरण होतं, भांडवल होतं, खाजगीकरणाचा अजगर होता, हजारो वर्षांचा अन्याय होता. मला ते आजही चुकीचं वाटत नाही. बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि वाट पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी पत्रक परत आलं. त्याला आमचा फोनवर भरायचा तक्ता टाचलेला होता, बाईंच्या हस्ताक्षरात नीट भरलेला.

घटना: अन्याय.
ठिकाण: सर्वत्र.
रुग्ण: समस्त जनता.
किती वेळापासून: हजारो वर्षं.
शेरा: गाडी कुठे पाठवू?

मी संतापले. "बाई, हा विनोदाचा विषय नाही. तुम्हाला चीड येत नाही?"

"येते ना. पण चिडीला पत्ता लागतो. या चार पानांत सुगंधाचं नाव नाही. एक वाडी नाही. तुझी शेळी नाही."

"शेळी कशाला घालू? माझी चूक होती ती."

"म्हणूनच. सॉफ्टवेअर रोज तीच चूक करणार आहे. ती तू एकदा करून पाहिली आहेस, तूच नीट सांगशील."

मी चार पानं फाडली नाहीत, आमच्या घरात पत्रक फाडत नाहीत. पण नवं एक पान लिहिलं. त्यात एकही अजगर नव्हता. दगड होता, शेळी होती, वाडी होती, दोन प्रश्न होते, आणि सुगंधा कोणत्या फोनवर काय ऐकते ते होतं. वानखेडेसरांनी ते वाचलं. "हे बरं आहे. पण साहेब विचारतील, हाक म्हणजे किती मीटर? सॉफ्टवेअरला मीटर लागतात. काहून की त्याला हाक समजत नाही."

"मग मोजू," बाई म्हणाल्या.

आणि मोजली. रविवारी सकाळी तळजाईच्या टेकडीवर आम्ही चौघं: बाई, सुगंधा, मी आणि वानखेडेसर. सर बूट घालून, वही घेऊन, आपण इथे का आलो आहोत असा चेहरा करून. बाईंनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली होती, तिला समान अंतरावर गाठी मारलेल्या. सुगंधा एका दगडावर उभी राहिली. मी दोरी ओढत लांब चालत जायचं, तिनं हाक मारायची, मला ऐकू आली की मी हात वर करायचा.

सुगंधानं तोंडाशी हात नेले आणि पहिली हाक मारली. रोज खोलीत हळू बोलणारी ती मुलगी. टेकडीवरचे सगळे पोपट एकदम उडाले. फिरायला आलेले एक आजोबा थांबले.

"कोण हरवलंय?" त्यांनी बाईंना विचारलं.

"कुणी नाही. मोजतोय."

"काय?"

"हाक."

आजोबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "बरं. मोजून झाली की खाली सोसायटीच्या फळ्यावर लावा. आम्हाला कळायला हवं, उद्या कुठपर्यंत झोपता येणार नाही ते."

दुसरी हाक मारली तेव्हा झाडीपलीकडून जोरात उत्तर आलं, "हो हो! हा हा हा!" मी थक्क झाले. पाहते तर हास्यक्लब. वीस-पंचवीस माणसं गोल करून, हात वर करून हसत होती. सरांनी वहीत लिहिलं, 'आजूबाजूला अडथळा.' तिसऱ्या हाकेला क्लबवाल्यांनी मुद्दाम उत्तर दिलं. त्यांना ती व्यायामाची नवी पद्धत वाटली.

शेवटी ते दमले. मी बरीच लांब गेले, हाक ऐकू आली, मी हात वर केला आणि दोरीची ती गाठ धरून परत आले. बाई गाठी मोजायला लागल्या. तेवढ्यात सुगंधा दगडावरून खाली उतरली.

"हे मापच चुकतंय बाई. त्या ताई हात दावत्यात. आमच्यात हात न्हाय चालत. ओ द्यायाची असती."

"ऐकू तर गेलं ना तिला?"

"ऐकू जानं येगळं. मी हाक मारली, तिला ऐकू गेली, तरी मला काय ठावं? ओ माघारी आली तरच ती हाक. न्हायतर नुसती वरड."

बाई खाली दगडावर बसल्या. बाईंना बसून गप्प राहिलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "तीस वर्षं मी 'हॅलो, हॅलो' करत बसले. लाइन लागली की काम झालं असं समजायचे. ओ मोजायची राहिलीच की गं!" आणि मग त्यांना हसू आलं, इतकं की हास्यक्लबचे दोघेजण चौकशीला आले.

पुन्हा पहिल्यापासून मोजलं. ओ दिली तरच धरायचं. अंतर बरंच कमी भरलं. सरांनी तक्ता केला: सपाटीची हाक, चढाची हाक, वाऱ्याच्या बाजूनं, वाऱ्याविरुद्ध. मध्येच त्यांनी वही खाली ठेवली, दगडावर चढले आणि "ओऽऽ" म्हणून आपली स्वतःचीही मोजून घेतली. कुणी ओ दिली नाही. "हां, इकडं माझ्या ओळखीचं नाही ना कोणी," ते म्हणाले आणि शून्य लिहिलं.

साहेब मंगळवारी अकराला येणार होते. साडेअकरा झाले तरी पत्ता नाही. वानखेडेसर खिडकी ते केबिन फेऱ्या मारत होते. हॉलमध्ये नवं सॉफ्टवेअर पडद्यावर तयार ठेवलेलं. माझं एक पान फायलीत सर्वांत वर. सुगंधानं सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. आणि तिचा फोन वाजला.

"बोला, ऐकतेय. तुम्ही कुठं आहात?"

बाईंनी आपल्या कानाला तीच लाइन लावली. आवाज इतका चढा होता की आम्हालाही ऐकू येत होता.

"मी इथे बिबवेवाडीतच आहे!"

"इथं म्हणायचं न्हाय. काय दिसतंय?"

"अपार्टमेंट दिसतंय. साई काहीतरी. त्याच्या पुढचंही साई. अहो, इथे सगळंच साई आहे!"

"बरं. ज्याला गरज हाय तो कुठं हाय?"

"मलाच गरज आहे!"

"काय व्हतंय तुमास्नी?"

"उशीर होतोय!"

सुगंधानं बाईंकडे पाहिलं. बाईंचे डोळे मिटलेले. "बसलाय," त्या म्हणाल्या. "उभं कर."

"उभं राहून बोला."

"अहो, मी गाडीत आहे!"

"मग उतरा."

दार उघडल्याचा आणि आपटल्याचा आवाज आला. मग तो माणूस खरोखर शांत आणि नेमकं बोलायला लागला. त्याला एका ऑफिसात जायचं होतं. पाऊण तास तो तीनच गल्ल्यांत फिरत होता. पत्राच्या कागदावर छापलेला हा एकच नंबर त्याच्याकडे होता. त्यानं ऑफिसचं नाव सांगितलं. ते आमचं होतं.

वानखेडेसरांनी डोकं धरलं. "मेलो! साहेब आहेत हे! सुगंधा, दे इकडं, मी बोलतो."

बाईंनी हात आडवा केला. "फोन तिचा आहे."

सुगंधा उठली, हेडफोन माझ्या हातात दिला आणि त्या उघड्या खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

"ओऽऽऽऽ साऽऽऽऽयेब!"

हॉलमधली सगळी डोकी एकदम वर आली. खाली फरशी फुटल्याचा आवाज झाला. फोनवर साहेब म्हणाले, "अहो, इथे कोणीतरी भयंकर ओरडतंय!"

"त्या आमच्याच आहेत," मी म्हटलं. "आता तुम्ही ओ द्या."

"काय द्या?"

"ओ! त्याशिवाय हाक पुरी होत नाही."

फोनवर एक बारीक, सरकारी 'ओ' आली.

"मोठ्यानं, साहेब."

आणि मग बिबवेवाडीच्या भर रस्त्यात, उन्हात, ड्रायव्हरच्या आणि भाजीवाल्यांच्या देखत, मुंबईच्या साहेबांनी पोटातून ओ दिली. खिडकीतून ती आम्हाला स्पष्ट ऐकू आली. सुगंधानं मान एका बाजूला कलती केली. "पाऊण हाक. पिठाच्या गिरणीमागं. म्हनावं, गिरणीला वळसा घाला आन् आवाजाकडं या." आणि ते येईपर्यंत ती हाक मारत राहिली.

साहेब घामाघूम होऊन वर आले ते थेट डोंगरखोलीत. पाणी प्यायले. मग हॉलमध्ये नेऊन वानखेडेसरांनी त्यांना नवं सॉफ्टवेअर दाखवलं. बाई मागे उभ्या होत्या. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "वानखेडे, साहेबांचाच फोन आला असं समजून भरा ना."

सरांनी 'खूण' या रकान्यावर बोट नेलं. यादी उघडली: मॉल, मल्टिप्लेक्स, पेट्रोल पंप, इतर. 'इतर' दाबलं. नाव विचारलं. 'साई' लिहिलं. यादी खाली जायला लागली आणि जातच राहिली. दोन मिनिटं झाली, लाल पट्टी आली आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'ठिकाण अवैध. कॉल बंद.'

साहेब बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग त्यांनी फाइल उघडली, माझं पान वाचलं आणि विचारलं, "शेळीचं पुढे काय झालं?" काच पडली नाही. सुगंधाची नोकरी राहिली. मला अर्थातच थोडं वाईट वाटलं, कारण मी उपोषणासाठी सतरंजी आणून ठेवली होती.

पुढच्या आवृत्तीत सॉफ्टवेअरमध्ये नवा रकाना आला: अर्धी हाक, पाऊण हाक, एक हाक, दोन हाका, इतर. वानखेडेसरांनी अभिमानानं दाखवला.

"'इतर' म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे, ओ आलीच नाही असं."

"मग ते सर्वांत वर घ्या. ओ आली नाही तिथे गाडी आधी जाते."

बाईंनी नंतर नोकरी सोडली. त्या लोणी काळभोरला एका नव्या सोसायटीत राहायला गेल्या एवढंच आम्हाला ठाऊक होतं. साऱ्या डोंगरांतली खुणेची चिंचेची झाडं आम्हाला पाठ होती. बाईंचा पत्ता मात्र विचारायचा राहिला होता. वर्षभरानं एका दुपारी माझा फोन वाजला.

"बोला, ऐकतेय. तुम्ही कुठे आहात?"

"घरी," पलीकडून आवाज आला.

मी आवाज ओळखला. "बाई," मी म्हटलं, "मेलात."

पलीकडे हसण्याचा आवाज, मग खोकला. "मेलेच! माळ्यावर आहे गं. पितळी डबा काढायला चढले आणि शिडी पडली. मोबाइल कमरेला होता म्हणून. लागलं नाहीये, पण उतरता येत नाही."

"उभं राहून बोला, बाई."

"माळ्यावर कशी उभी राहू? डोकं आपटतं!"

"हाक मारलीत का?"

"मारली. तासभर मारतेय. सोळा फ्लॅट आहेत. टीव्ही ऐकू येतोय सगळ्यांचा."

"शेजारचं नाव सांगा, मी फोन लावते."

"नाव..." बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. "तीनशे दोन."

मी तेव्हा हसले नाही. 'इतर' दाबलं. सोलापूर रस्त्यावर बबनरावांची गाडी रिकामी परतत होती, ती वळवली. बाईंनी माळ्यावर आडव्या पडून जो रस्ता सांगितला त्यात एकही 'जवळ' नव्हतं. बबनराव जिन्यातून हाका मारत गेले, आतून ओ आली, मग वॉचमनकडून किल्ली, मग शिडी. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला.

"ताई, माळा घावला. वर बाई हायेत. आणू का?"

त्या दिवशी बाईंनी एक करून दाखवलं. खाली उतरल्या, पाणी प्यायल्या आणि बाकीची पंधराही दारं वाजवून प्रत्येकाला विचारलं, "आपण मघाशी कुठे होतात?" पंधराही जणांनी सांगितलं, "घरी."

म्हणून माझी मागणी आहे, आणि माझ्या आजवरच्या कुठल्याही पत्रकापेक्षा ती लहान आहे. एक कागद घ्या. तुमच्या दारापर्यंत कसं यायचं ते त्यावर लिहा. 'जवळ' नको, 'समोरच' नको. तुमच्याकडे कधीच न आलेल्या माणसाला तो द्या आणि बोलवा. तो चुकला तर कागद बदला, माणूस नको. मग तो दाराच्या आतून चिकटवा, दार उघडा, जिन्यात उभे राहा आणि एक हाक मारा. लाज वाटेल, तरी मारा. ज्याची ओ येईल त्याचं नाव कागदावर सर्वांत वर लिहा. कुणाचीच आली नाही, तर शेजारचं दार वाजवून नाव विचारून घ्या, आणि उद्या जिन्यात कुणी हाक मारली तर टीव्हीचा आवाज कमी करून तुम्ही ओ द्या.